अतिसंवाहक तारेवर एकेक फोटॉन मोजण्याचं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रकाशाचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, टिपणाऱ्या अतिसंवाहक नॅनोवायर (अतिबारीक तार) डिटेक्टरवर मी काम करते हे कळलं की एम.एस्सी.चे विद्यार्थी, त्यांचे पालक, इंजिनिअरिंगची मुलं आणि मधूनच दुसऱ्या शाखेतले प्राध्यापकही मला लिहितात. प्रश्न बरेचसे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अडनिडे नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एक फोटॉन मोजायचा म्हणजे नेमकी किती बारीक गोष्ट मोजायची?

इंटरनेटच्या फायबरमधून धावणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी १५५० नॅनोमीटरच्या आसपास असते. त्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ज्यूलमध्ये लिहायची तर दशांशचिन्हानंतर अठरा शून्यं आणि मग १२८. याच प्रकाशाचा अवघा एक नॅनोवॉट घेतला तरी त्यात दर सेकंदाला जवळपास ७८० कोटी फोटॉन असतात. आम्हाला त्यातला एक आला की ‘आला’ म्हणायचं असतं, कधी आला तेही सांगायचं असतं, आणि आला नसेल तेव्हा गप्प बसायचं असतं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. त्यासाठी प्रश्न ८ पाहा.

२. एवढ्याशा ऊर्जेने धातूच्या तारेत काय फरक पडतो? तार ‘वाजते’ म्हणजे काय होतं?

तार म्हटलं की विजेची तार डोळ्यांसमोर येते, म्हणून आधी मापं सांगते. नायोबियम नायट्राइडची फिल्म सुमारे ५ नॅनोमीटर जाडीची असते, म्हणजे जेमतेम वीसएक अणुथर. तिच्यातून साधारण १०० नॅनोमीटर रुंदीची पट्टी कोरून काढतात आणि ती नागमोडी वळवत १० गुणिले १० मायक्रोमीटरचा चौकोन भरतात. एवढ्या चौकोनात तारेची एकूण लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या घरात जाते. फायबरमधून येणारा प्रकाश या चौकोनावर पडतो.

ही तार पुरेशी थंड केली की तिचा रोध शून्य होतो. पण अतिसंवाहकाला विद्युतप्रवाहाची मर्यादा असते. ठरावीक प्रवाहापलीकडे त्याची अतिसंवाहकता मोडते. आम्ही तारेत मुद्दाम त्या मर्यादेच्या किंचित खालचा प्रवाह ठेवतो, साधारण १० ते २० मायक्रोअँपिअर. अशा टोकावर आणून ठेवलेल्या तारेवर फोटॉन पडला की त्याची ऊर्जा एका इलेक्ट्रॉनला मिळते, तो ती इतरांना वाटतो, आणि अतिसंवाहकता ज्यांच्यावर उभी असते त्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या तुटू लागतात. नायोबियम नायट्राइडच्या पातळ फिल्ममध्ये एक जोडी तोडायला सुमारे ३ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणजे ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या एका फोटॉनमध्ये अडीचशेहून अधिक जोड्या तोडण्याइतकं बळ आहे. प्रत्यक्षात त्यातली बरीच ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांत निघून जाते, पण उरलेली पुरते.

त्या जागी तार दुबळी होते. प्रवाह तिथून धड जाऊ शकत नाही, पट्टीचा एक तुकडा आडवा रोधक बनतो, आणि तो रोध एका नॅनोसेकंदाच्या आतच किलोओहमच्या घरात जातो. मग प्रवाह तार सोडून शेजारी जोडलेल्या ५० ओहमच्या ॲम्प्लिफायरकडे वळतो. तिथे उमटणारा जेमतेम एका मिलिव्होल्टचा झटका म्हणजे आमचा ‘क्लिक’. प्रवाह निघून गेल्यामुळे तार थंड होते, पुन्हा अतिसंवाहक होते आणि पुढच्या फोटॉनसाठी सज्ज राहते. या सगळ्याला काही नॅनोसेकंद ते काही दहा नॅनोसेकंद लागतात.

‘गरम ठिपका वाढत वाढत पट्टीभर पसरतो’ असं जे सोपं चित्र पुस्तकात असतं ते सुरुवातीला धरायला ठीक आहे. त्याच्या मर्यादा प्रश्न १४ मध्ये आहेत.

३. ही कल्पना कोणाची?

१९११ मध्ये लायडनला हाइके कामरलिंग ओनेस यांना ४.२ केल्विनच्या आसपास पाऱ्याचा रोध नाहीसा झालेला दिसला, तिथे अतिसंवाहकतेची सुरुवात. आमच्या डिटेक्टरची सुरुवात मात्र २००१ ची. मॉस्को स्टेट पेडॅगॉजिकल युनिव्हर्सिटीतले ग्रेगरी गोल्ट्समन, त्यांचे सहकारी आणि अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले रोमन सोबोलेव्स्की यांनी त्या वर्षी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. २०० नॅनोमीटर रुंदीची आणि एक मायक्रोमीटर लांबीची नायोबियम नायट्राइडची पट्टी एकट्या फोटॉनला प्रतिसाद देते, हे त्यात दाखवलं होतं. अलेक्सी सेमेनोव्ह यांच्यासह मांडलेलं या घटनेमागचं गणितही त्याच वर्षी आलं.

मला या इतिहासातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मॉस्कोचा हा गट फोटॉन मोजायला निघालेलाच नव्हता. टेराहर्ट्झ लहरींच्या ग्राहकांसाठी ते वर्षानुवर्षं नायोबियम नायट्राइडच्या अतिपातळ फिल्म बनवत होते, आणि त्यात तापलेले इलेक्ट्रॉन किती वेगाने थंड होतात याचा अभ्यास करत होते. फिल्म हाताशी होती, थंड होण्याचा वेग माहीत होता, म्हणून हा प्रश्न त्यांना सुचला. नंतर कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांनी मॉस्कोच्याच फिल्म आणि मॉस्कोचेच डिटेक्टर वापरले.

४. फोटोमल्टिप्लायर आणि अव्हलांश डायोड आधीपासून आहेतच. मग थंड करण्याचा एवढा खटाटोप कशाला?

दृश्य प्रकाशासाठी सिलिकॉनचा अव्हलांश डायोड (एका फोटॉनने सुटलेल्या विद्युतभाराची लाट करून क्लिक देणारा अर्धवाहक) उत्तम आहे. तेवढ्यावर काम भागत असेल तर तोच घ्या, हा माझा प्रामाणिक सल्ला. अडचण येते ती ११०० नॅनोमीटरच्या पुढे, कारण तिथे सिलिकॉन प्रकाश शोषतच नाही. फायबरसाठी वापरतात ते इंडियम गॅलियम आर्सेनाइडचे डायोड १५५० नॅनोमीटरला चालतात, पण त्यांत खोटे क्लिक जास्त येतात. शिवाय एका क्लिकनंतर आत अडकलेले विद्युतभार मागाहून सुटतात आणि पुन्हा खोटा क्लिक देतात, म्हणून मध्ये थांबावं लागतं.

अतिसंवाहकांतच आमचा एक जुना शेजारी आहे: ट्रान्झिशन एज सेन्सर. एकाच वेळी किती फोटॉन आले हे तो सरळ सांगतो आणि त्याची कार्यक्षमताही फार उंच असते. पण त्याला सुमारे ०.१ केल्विनपर्यंत न्यावं लागतं आणि तो मायक्रोसेकंदांच्या गतीने चालतो. २०१५ मध्ये बेलच्या असमानतेच्या (क्वांटम सिद्धांत पारखणाऱ्या कसोटीच्या) पळवाटा बंद करणारे जे प्रयोग फोटॉनवर झाले त्यांत व्हिएन्नाच्या गटाने ट्रान्झिशन एज सेन्सर वापरले आणि अमेरिकेतल्या बोल्डरच्या निस्ट या राष्ट्रीय मापन प्रयोगशाळेने नॅनोवायर. दोन्ही मार्गांनी निसर्गाचं उत्तर एकच आलं.

५. या क्षेत्रात मोठं काम केलेल्यांचे मार्ग कसे होते? सगळे क्वांटम ऑप्टिक्सवालेच असतात का?

नाही, आणि हे विद्यार्थ्यांना लवकर कळावं असं मला वाटतं. रॉबर्ट हॅडफील्ड यांचं उदाहरण घ्या. केंब्रिजला त्यांची पीएच.डी. जोसेफसन जंक्शनवर झाली, म्हणजे अतिसंवाहकता आणि बारीक कोरीवकाम. तिथून ते बोल्डरला निस्टमध्ये गेले. मॉस्कोहून आलेले डिटेक्टर तिथे थंड यंत्रात बसवून, आधी एकल-फोटॉन स्रोत तपासायला आणि मग क्वांटम की वाटपाच्या (फोटॉनांवरून गुप्त किल्ली पाठवण्याच्या) प्रयोगांत वापरायला त्यांनी सुरुवात केली. पुढे एडिंबराच्या हेरियट-वॉट विद्यापीठात आणि नंतर ग्लासगोत त्यांनी स्वतःचा गट उभारला. २००९ चा त्यांचा आढावालेख आणि चंद्रमौली नटराजन व मायकेल टॅनर यांच्याबरोबरचा २०१२ चा आढावालेख, हे दोन्ही नवीन विद्यार्थ्याला मी आजही पहिल्या आठवड्यात वाचायला देते.

निस्टचे से वू नाम हे स्टॅनफर्डमध्ये ट्रान्झिशन एज सेन्सर घडवत होते, तिथून इकडे आले. एमआयटीचे कार्ल बर्ग्रेन मुळात नॅनो-लिथोग्राफीतले, म्हणजे अतिसूक्ष्म कोरीवकामातले. तारेवर प्रकाश परतवणारी पोकळी आणि परावर्तनरोधक लेप घातला तर २००१ चा दुबळा डिटेक्टर २००६ मध्ये १५५० नॅनोमीटरला ५७ टक्के कार्यक्षमतेवर जातो, हे त्यांच्या गटाने दाखवलं. एक अतिसंवाहकतेतून आला, एक सेन्सरमधून, एक कोरीवकामातून. तुम्ही ज्या दारातून याल ते चालेल, पण आत आल्यावर बाकीची दोन कामं शिकावीच लागतात.

६. रोजचं काम काय असतं? दिवसभर लेसरसमोर बसायचं का?

लेसरसमोर बसायची वेळ फार उशिरा येते. आधी फिल्म. निर्वात कक्षात नायोबियमचा टार्गेट, आर्गॉन आणि नायट्रोजन. नायट्रोजनचा प्रवाह जरा इकडेतिकडे झाला की फिल्मचा गुणधर्म बदलतो. बाहेर काढल्यावर रोध मोजायचा, जाडी तपासायची, एक तुकडा थंड करून तो कोणत्या तापमानाला अतिसंवाहक होतो ते पाहायचं. जाड नमुन्यात नायोबियम नायट्राइडचं हे तापमान १६ केल्विनच्या आसपास असतं. ५ नॅनोमीटरला ते १० च्या जवळ उतरतं. फिल्म पसंत पडली तरच इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफी, मग एचिंग, मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी.

थंड करायच्या दिवसाचं जवळून वर्णन करते. चिप धारकावर बसवायची, ॲल्युमिनियमच्या बारीक तारांनी बाँड करायची, फायबरचं टोक डिटेक्टरच्या चौकोनावर आणून पक्कं करायचं, क्रायोस्टॅट (थंड करायचं यंत्र) बंद करून पंप सुरू करायचा. मग कॉम्प्रेसरची लयीतली ठकठक आणि उतरत जाणारा थर्मामीटर. खोलीच्या तापमानापासून तळापर्यंत जायला बरेच तास लागतात, म्हणून बहुतेक जण संध्याकाळी चालू करून घरी जातात. सकाळी पहिलं काम, प्रवाह हळूहळू वाढवत व्होल्टेज बघायचं. रेघ शून्यावर सपाट चालते आणि एका जागी एकदम उडी मारते. ती उडी अपेक्षेपेक्षा फार आधी आली, तर तारेत कुठेतरी मान आवळलेली आहे असं समजायचं. ती एखादी खाच असेल किंवा धुळीच्या कणाने अरुंद केलेली जागा. सगळा प्रवाह त्या जागेपायी कमी ठेवावा लागतो आणि बाकीची निरोगी तारही आंधळी राहते. ते यंत्र पुन्हा गरम करायचं, चिप बदलायची, पुन्हा थंड करायचं. पीएच.डी.चा मोठा काळ या चक्रात जातो. ज्याला हे चक्र आवडतं त्यानेच यावं.

७. ‘९८ टक्के कार्यक्षमता’ असं वाचलं. दुसरीकडे ‘जवळजवळ १००’ असंही वाचलं. खरं कोणतं धरायचं?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर मी हे मानते.

तीन वेगळ्या गोष्टींना लोक कार्यक्षमता म्हणतात. फोटॉन तारेत शोषला गेला तर क्लिक येण्याची शक्यता ही झाली आंतरिक कार्यक्षमता. चौकोनावर पडलेला फोटॉन तारेत शोषला जाण्याची शक्यता ही दुसरी. फायबरमधला फोटॉन मुळात चौकोनावर पोचण्याची शक्यता ही तिसरी. तिन्हींचा गुणाकार म्हणजे प्रणालीची कार्यक्षमता, आणि वापरणाऱ्याला फक्त तिच्याशी देणंघेणं असतं. ‘जवळजवळ १००’ हा आकडा बहुतेक वेळा पहिल्या, म्हणजे आंतरिक कार्यक्षमतेचा असतो. प्रवाह वाढवत नेला की क्लिकची संख्या वाढते आणि एका टप्प्यानंतर सपाट होते. हे पठार दिसलं की आंतरिक कार्यक्षमता भरली असं मानतात. पण तारेपर्यंत निम्मेच फोटॉन पोचत असतील तरीही पठार तितकंच सुंदर दिसतं.

प्रणालीच्या कार्यक्षमतेचे मैलाचे दगड सांगते. २०१३ मध्ये फ्रान्चेस्को मार्सिली, से वू नाम आणि सहकाऱ्यांनी टंगस्टन सिलिसाइडच्या तारेवर ९३ टक्के दाखवले. २०२० मध्ये निस्टमधूनच १५५० नॅनोमीटरला ९८ टक्के आले. टंगस्टन सिलिसाइड स्फटिकरूप नसतं, त्यामुळे त्याची फिल्म कुठल्याही पृष्ठभागावर एकसारखी बसते. जोड्या तोडायला ऊर्जाही कमी लागते. बदल्यात तार अधिक थंड ठेवावी लागते.

आता मोजमापाची गोम. लेसरचा प्रकाश मोजता येईल इतका तेजस्वी असताना पॉवर मीटरने वाचायचा, मग ओळख असलेल्या ॲटेन्युएटरांनी तो लाखो-कोटी पटींनी क्षीण करायचा आणि डिटेक्टरवर किती फोटॉन गेले ते गणिताने काढायचं. पॉवर मीटरची अचूकता दोन-तीन टक्क्यांची असेल तर तुमच्या ‘९८’ ला अर्थ उरत नाही. त्याहून लपलेली एक चूक आहे. काचेच्या फायबरचं टोक हवेत उघडं असलं की तिथून सुमारे ३.५ टक्के प्रकाश मागे परततो. मीटरवर वाचताना टोक हवेत होतं, आणि डिटेक्टरकडे जाणारा फायबर मात्र वितळवून जोडलेला आहे. म्हणजे डिटेक्टरला मीटरच्या वाचनापेक्षा जास्त प्रकाश मिळतो. ही दुरुस्ती केली नाही तर कार्यक्षमता फुगलेली दिसते, आणि आकडा स्वतःच्या बाजूने फुगतो तेव्हा तो कोणी पुन्हा तपासत नाही. प्रकाशाचं ध्रुवीकरणही सांगावं लागतं, कारण नागमोडी तार तिच्या लांबीला समांतर ध्रुवीकरण जास्त शोषते. नवीन विद्यार्थी निवडताना मी त्याला कार्यक्षमता कशी मोजली हेच आधी विचारते, किती आली ते नंतर.

८. अंधारात ठेवला तरी डिटेक्टर क्लिक देतो म्हणे. मग विश्वास कसा ठेवायचा?

अशा क्लिकना डार्क काउंट म्हणतात आणि त्यांचे दोन उगम आहेत. एक तारेतला: प्रवाह मर्यादेच्या अगदी जवळ नेला की फोटॉनशिवायही अतिसंवाहकता क्वचित मोडते. दुसरा बाहेरचा. खोलीच्या तापमानाची प्रत्येक वस्तू अवरक्त प्रकाश टाकत असते, आणि तुमचा फायबर एका टोकाला त्याच खोलीत आहे. तो उष्णतेचा प्रकाश फायबरमधून थेट थंड तारेवर उतरतो. हे क्लिक खोटे नाहीतच. ते खरे फोटॉन आहेत, फक्त तुम्हाला नको असलेले. यावर इलाज म्हणजे फायबरला थंड भागात घट्ट वेटोळं घालणं, म्हणजे लांब तरंगलांबी बाहेर गळते, किंवा थंड फिल्टर लावणं.

फायबर अजिबात नसेल आणि कवच नीट असेल तर तार विलक्षण शांत राहते. २०२२ मध्ये डार्क फोटॉन (कृष्णद्रव्याचा एक कल्पित कण) शोधणाऱ्या एका प्रयोगात नॅनोवायरचा डार्क काउंट सेकंदाला सुमारे ०.०००००६ इतका खाली होता. म्हणजे साधारण दोन दिवसांत एक क्लिक. कृष्णद्रव्य शोधणाऱ्यांना आमचं काम हवंसं वाटतं ते यामुळे.

९. वेळ किती अचूक कळते?

२०२० मध्ये बोरिस कोर्झ आणि सहकाऱ्यांनी नायोबियम नायट्राइडच्या लहान तारेवर दृश्य प्रकाशासाठी २.६ आणि १५५० नॅनोमीटरला ४.३ पिकोसेकंदांचा जिटर, म्हणजे क्लिकच्या वेळेतली अनिश्चितता, मोजला. एका पिकोसेकंदात प्रकाश ०.३ मिलिमीटर जातो, यावरून अंतर मोजण्यासाठी याचं मोल लक्षात येईल. बाजारात मिळणाऱ्या मोठ्या चौकोनाच्या डिटेक्टरांत जिटर यापेक्षा बराच जास्त असतो.

१०. किती थंड करावं लागतं? द्रवरूप हेलियम रोज आणायचा का?

पूर्वी ४.२ केल्विनच्या द्रव हेलियमच्या पिंपात डिटेक्टर बुडवायचे. आता बहुतेक ठिकाणी बंद चक्राचे क्रायोकूलर असतात. त्यांत तोच हेलियम वायू फिरत राहतो आणि वीज लागते, तीही काही किलोवॉट. साधे गिफर्ड-मॅकमहॉन क्रायोकूलर २.५ केल्विनच्या आसपास जातात. नायोबियम नायट्राइडला ते पुरतं. टंगस्टन सिलिसाइडकडून सर्वोत्तम काम हवं असेल तर एक केल्विनच्याही खाली उतरावं लागतं. भारतात हेलियम बाहेरून येतो आणि महाग पडतो, म्हणून आपल्याकडे नवी प्रयोगशाळा उभी करणाऱ्याने बंद चक्राचाच विचार करावा.

११. याचा उपयोग कुठे झाला? आकडे ठीक, पण प्रत्यक्षात काय?

मला सगळ्यात भिडलेला उपयोग अंतराळातला. नासाचं सायकी यान १३ ऑक्टोबर २०२३ ला निघालं तेव्हा त्याच्यावर दूरच्या अंतराळातून लेसरने संदेश पाठवायचं उपकरण होतं. ११ डिसेंबरला यान ३.१ कोटी किलोमीटरवर असताना त्याने सेकंदाला २६७ मेगाबिट वेगाने एका मांजराची चित्रफीत पाठवली. ती १०१ सेकंदांत इथे पोचली. इतक्या दुरून येताना लेसरचा झोत इतका पसरतो की जमिनीवर मोजकेच फोटॉन हाती लागतात. ते गोळा केले कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या ५.१ मीटरच्या हेल दुर्बिणीने, आणि मोजले जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने बनवलेल्या नॅनोवायरच्या जुडग्याने. संदेश फोटॉन कोणत्या क्षणी आला त्यात लिहिलेला असतो, म्हणून प्रश्न ९ मधली अचूकता इथे कामाला येते. याआधी २०१३ मध्ये चंद्राभोवतीच्या लॅडी यानावरून ६२२ मेगाबिटचा लेसर दुवा साधला होता. त्याच्याही मुख्य जमिनीवरच्या केंद्रात नॅनोवायरच होत्या.

क्वांटम की वाटप २००७ मध्ये २०० किलोमीटर फायबरवर गेलं ते या डिटेक्टरांवर. २०२० मध्ये चीनमधल्या हफेईच्या ‘जिउझांग’ या फोटॉनांवर चालणाऱ्या क्वांटम संगणकाच्या प्रयोगात १०० डिटेक्टर एकाच वेळी चालत होते आणि एका वेळी ७६ पर्यंत क्लिक नोंदले गेले. ते डिटेक्टर शांघायच्या लिशिंग यू यांच्या गटाकडचे. वैद्यकाकडेही एक धागा जातो. प्रकाशाने कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या उपचारात उत्तेजित ऑक्सिजन १२७० नॅनोमीटरला अतिशय मंद चमक देतो. ती मोजून औषध काम करतंय का हे पाहण्याचे प्रयोग ग्लासगोच्या गटाने केले आहेत.

१२. माझी मुलगी एम.एस्सी. फिजिक्स करतेय. भारतात हे काम कुठे होतं? तिने कोणती परीक्षा द्यावी?

मुंबईत टीआयएफआरमध्ये प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने नायोबियम नायट्राइडच्या फिल्ममधली अतिसंवाहकता, विशेषतः फिल्ममधली अव्यवस्था वाढत जाते तेव्हा तिचं काय होतं, यावर दीर्घकाळ काम केलं आहे. डिटेक्टरचा कच्चा माल नेमका हाच, त्यामुळे तिला या विषयाचा पाया तिथे मिळेल. १९ एप्रिल २०२३ ला केंद्र सरकारने ६००३.६५ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यातलं सेन्सिंग आणि मोजमापाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे, संवादाचं आयआयटी मद्रासकडे, साहित्य आणि उपकरणांचं आयआयटी दिल्लीकडे. पुण्यात आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचा हब आहे.

परीक्षा नेहमीच्याच: नेट-जेआरएफ, गेट, जेस्ट, टीआयएफआरची स्वतःची. त्याहून महत्त्वाचं, एम.एस्सी.चा प्रकल्प तिने कागदावरचा न घेता हाताने करायचा घ्यावा. निर्वात पंप उघडून जोडता येणं, सोल्डरिंग, पायथनमध्ये उपकरण चालवणं, या गोष्टी गुणपत्रिकेत दिसत नाहीत, पण गाईड त्याच शोधत असतात. इलेक्ट्रॉनिक्स किंवा मटेरियलच्या बी.टेक.वाल्यांनाही हे दार उघडं आहे, प्रश्न ५ पाहाच.

१३. पीएच.डी.नंतर नोकरी मिळते का?

क्षेत्र लहान आहे, हे आधीच माहीत असू द्या. डेल्फ्टची सिंगल क्वांटम, जिनिव्हाची आयडी क्वांटिक, मॉस्कोची स्कॉन्टेल, अमेरिकेतल्या फोटॉन स्पॉट आणि क्वांटम ओपस अशा कंपन्या हे डिटेक्टर विकतात, आणि त्यांच्यातली बरीच माणसं विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतूनच आलेली असतात. पण विसंबून राहण्याजोगी गोष्ट वेगळी आहे: क्रायोजेनिक्स, पातळ फिल्म, नॅनोफॅब्रिकेशन आणि वेगवान इलेक्ट्रॉनिक्स ही कौशल्यं क्वांटम संगणक, खगोलशास्त्र आणि सेमीकंडक्टर उद्योगात चालतात. माझा आग्रह असतो की पीएच.डी. संपेपर्यंत यातलं एक तरी काम कोणाच्या मदतीशिवाय आद्यंत यायला हवं.

१४. तार १०० नॅनोमीटरचीच का? रुंद केली तर बनवायला सोपी नाही का पडणार?

पंधरा वर्षं आम्ही सगळे हेच शिकवत होतो की तार अरुंद हवी, नाहीतर फोटॉनचा गरम ठिपका पट्टीभर पोचणार नाही. मग डेनिस वोदोलाझोव्ह यांनी गणिताने मांडलं की प्रवाह मर्यादेच्या पुरेसा जवळ नेता आला, तर रुंदी मायक्रोमीटरमध्ये असली तरी चालेल. ठिपक्यापाशी चुंबकी भोवरे सुटतात, प्रवाह त्यांना पट्टीच्या आरपार ढकलतो आणि अतिसंवाहकता मोडते. २०१८ मध्ये मॉस्कोतूनच मायक्रोमीटर रुंदीच्या पट्ट्यांवर एकेक फोटॉन मोजून दाखवला गेला. आता साध्या प्रकाशीय लिथोग्राफीने मोठ्या क्षेत्रफळाचे डिटेक्टर करता येण्याची वाट मोकळी झाली आहे. फिल्म उत्तम आणि कडा गुळगुळीत हव्यात, ही अट मात्र अधिक कडक झाली.

१५. उच्च तापमानाचे अतिसंवाहक वापरून द्रव नायट्रोजनवर का नाही चालवत?

पदार्थ जितक्या वरच्या तापमानाला अतिसंवाहक होतो तितकी त्यातल्या जोडीची बंधनऊर्जाही मोठी असते. मग एका फोटॉनने तुटणाऱ्या जोड्या कमी होतात आणि इशारा दुबळा होतो. शिवाय तांबेयुक्त ऑक्साइडांची ५ नॅनोमीटरची फिल्म कोरली की तिचे गुण सहज बिघडतात. तरीही २०२३ मध्ये बिस्मथयुक्त कप्रेटच्या सोललेल्या पातळ थरांवर फायबरच्या तरंगलांबीचे फोटॉन २५ केल्विनपर्यंत मोजले गेले. नायट्रोजनचं ७७ केल्विन अजून लांब आहे, पण २५ केल्विनलाही लहान आणि स्वस्त क्रायोकूलर पुरतो. मला हा टप्पा त्याहून मोठ्या दाव्यांपेक्षा जास्त कामाचा वाटतो.

१६. मोबाइलच्या कॅमेऱ्यासारखा लाखो पिक्सेलचा डिटेक्टर का नाही?

प्रत्येक पिक्सेलला एक केबल नेली तर केबलींतून येणारी उष्णताच क्रायोस्टॅटला पेलवत नाही. म्हणून ओळी-स्तंभांनी किंवा एकाच तारेवर इशारा पोचायला लागलेल्या वेळावरून जागा ओळखायची युक्ती करतात. याच वाटेने २०२३ मध्ये निस्टने ८०० गुणिले ५००, म्हणजे चार लाख पिक्सेलचा कॅमेरा दाखवला. एकट्या डिटेक्टरइतकी कार्यक्षमता आणि वेग त्यात एकत्र मिळत नाहीत.

१७. एकदम दोन फोटॉन आले तर दोन क्लिक येतात का?

साधारणपणे एकच क्लिक येतो. चौकोन अनेक तारांत वाटला तर मोजता येतात. एकाच तारेतही दोन जागी एकदम रोध उभा राहिला की झटक्याचा चढ थोडा जास्त उभा असतो. शांत ॲम्प्लिफायर आणि कमी जिटर असेल तर तेवढ्यावरून एक आणि दोन वेगळे काढता येतात. तिनाच्या पुढे हा फरक झपाट्याने पुसट होतो.

१८. पुन्हा लवकर सज्ज व्हावी म्हणून तार आखूड केली तर?

प्रवाह तारेत परतायचा वेग तिच्या गतिज प्रेरकत्वावर (प्रवाहातल्या बदलाला तार करते त्या विरोधावर) ठरतो, हे एमआयटीच्या गटाने २००६ मध्ये स्पष्ट केलं. तार आखूड केली की प्रेरकत्व घटतं, प्रवाह लवकर परततो. फार लवकर परतला तर तार थंड व्हायच्या आतच तिला पुन्हा तापवतो आणि ती रोधक अवस्थेतच अडकून बसते. याला लॅचिंग म्हणतात. अशी तार पुढचा कोणताही फोटॉन नोंदवत नाही. प्रवाह शून्य करून पुन्हा वाढवावा लागतो.

१९. क्वांटम की वाटपात नॅनोवायर लावली म्हणजे हॅकिंग अशक्य, असं एका व्याख्यानात ऐकलं. बरोबर का?

नाही. २०११ मध्ये वादिम मकारोव्ह यांच्यासह काम करणाऱ्या गटाने दाखवलं की तेजस्वी प्रकाशाचा हिशोबी मारा केला तर नॅनोवायर आधी आंधळी करता येते आणि मग हवा तेव्हा तिच्याकडून क्लिक काढून घेता येतो. प्रश्न १८ मधली अडकलेली अवस्थाच इथे हल्लेखोराच्या हातात जाते. सूत्र कितीही निर्दोष असलं तरी मोजणारं यंत्र त्याच्या बाहेर असतं. म्हणून संवादासाठी डिटेक्टर जोडताना क्लिक मोजण्याबरोबर तारेवरचं स्थिर व्होल्टेजही सतत पाहत राहावं. अतिसंवाहक तारेवर ते शून्य असायला हवं. ते वर चढून तिथेच राहिलं तर तेवढ्या वेळातली की टाकून द्यावी.